अडीच वेढे

पाहुण्या पोरीने, दानाने, पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला आणि वेणूबाईंनी तो लगेच ओळखला. पण ओळख दाखवली नाही. हातातला कप त्यांनी उगाचच बशीत दोनदा फिरवला.

भात्याचा कॅमेरा होता. कळ दाबली की पुढचं झाकण पडायचं आणि काळा चामडी भाता सुर्र करून बाहेर यायचा. कडेचं चामडं आता सुटलं होतं, पण उजव्या कोपऱ्यावरचा तो पोचा तसाच होता. मोझेसशेटांनी तो पोचा कधी दुरुस्त केला नाही. "माणसाला नाक असतं तसं कॅमेऱ्याला पोचा असावा, ओळखू येतो," असं ते म्हणायचे.

"वेणू, ओळखलास का?" लीयाने विचारलं.

"शेटांचा दिसतोय," वेणूबाई म्हणाल्या. "चहा घ्या ना. निवतोय."

लीया त्र्याहत्तर वर्षांची, वेणूबाईंपेक्षा तीन वर्षांनी मोठी. लग्न करून ती तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला गेली त्याला पन्नास वर्षं झाली. मधल्या काळात ती दोनदा पनवेलला येऊन गेली, आणि दोन्ही वेळा वेणूबाईंची नि तिची भेट चुकली होती. एकदा खरोखर, आणि एकदा मुद्दाम. या वेळी मात्र लीया पत्ता काढत थेट सुकापूरच्या चौथ्या मजल्यावर येऊन धडकली होती. सोबत खजुराचं खोकं आणि नात. नातीचं नाव दाना. पोरगी तिकडे फोटोग्राफी शिकवते, आणि मराठी बोलते ती आजीकडून उचललेली, पन्नास वर्षांपूर्वीच्या पनवेलची.

"वेणूआजी, हा क्यामेरा फार त्रास देतो बघा," दाना म्हणाली. "रोल नीट पुढे सरकत नाही. दोन रोल काढले, दोन्ही फुकट गेले."

वेणूबाईंची सून दिपिका स्वयंपाकघराच्या दारातून हसली. "आई, ही तर माझ्या आजेसासूसारखी बोलते!"

दानाने धुतलेली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. वेणूबाईंना चष्म्याची गरज पडली नाही. चौकोनी फोटो एकापुढे एक होते, पण त्यांच्यामध्ये जी मोकळी पट्टी हवी ती नव्हती. प्रत्येक फोटोची उजवी कड पुढच्या फोटोच्या डाव्या कडेवर चढली होती. फिल्मवर चढाव जेमतेम सूतभर, पण छापल्यावर तोच बोटभर होतो, हे त्यांना पाठ होतं.

"फोर्टातल्या कारागिराला दाखवला," लीया म्हणाली. "तो म्हणाला, आतला दाता झिजलाय, सुटा भाग मिळत नाही, शोकेसमध्ये ठेवा. रविवारी माझ्या चुलतभावाकडे, जोनाथनकडे, मलिद्याची प्रार्थना आहे. पनवेलमधली आमची उरलीसुरली सगळी घरं येतील. हिला हट्ट, की फोटो पणजोबांच्याच कॅमेऱ्याने काढायचे. मी म्हटलं, बाई, फोनने काढ. या कॅमेऱ्याने एकदा माझी वाट लावलीय, तेवढी पुरे."

"कॅमेऱ्याने कुठे? तू तर म्हणतेस पणजोबांनी," दाना म्हणाली.

"तेच ते," लीया म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघू लागली.

वेणूबाईंनी कप खाली ठेवला.

त्या सतराव्या वर्षी गव्हाणहून पनवेलला आल्या. वडील महादेव मिठागरावर होते आणि लीयाच्या वडिलांशी, मोझेसशेटांशी, त्यांची जुनी ओळख. नागावकर फोटो स्टुडिओ लाईन आळीच्या तोंडाशी होता. बायका फोटोला येत, पण परक्या पुरुषाने पदर सारखा करायला सांगितला की अंग चोरून बसत, आणि फोटोत ते चोरलेलं अंगच येई. म्हणून शेटांना एक मुलगी हवी होती: बायकांचे पदर, वेण्या, पावडर बघायला. वेणू त्यांच्या घरीच राहू लागली. घर बेने इस्रायली ज्यूंचं; शनिवारी तिथे कोणी चूल पेटवत नसे, तेव्हा चहाचं आधण ती ठेवी. कुठलं भांडं दुधाचं, कुठलं मटणाचं, पेसाहसारख्या सणाला काय चालतं आणि काय नाही, हे वर्षभरात तिला इतकं पाठ झालं, की शेटांची बायको रिबकाबाई लीयाला म्हणे, "तुला नसेल आठवत तर वेणूला विचार."

मग हळूहळू काळोखाच्या खोलीतलंही काम आलं. लाल दिव्याखाली ताटलीतल्या कोऱ्या कागदावर माणूस उमटताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा वेणूने भीतीने शेटांची बाही धरली होती. आधी केस उमटले, मग डोळे, मग सगळा चेहरा. "घाबरू नको गो," शेट म्हणाले होते. "तो आपल्या कापडबाजारातला मारवाडीच आहे." तो वास, ते टपटपणारं पाणी, दोरीवर चिमट्यांनी लटकलेली अख्खी पनवेल. नंतर लग्न, संसार, जमिनीचे व्यवहार, टॉवर, लिफ्ट, सगळं झालं. पण हात खरे सुखी झाले ते त्या खोलीत, असं त्यांना अजून वाटायचं.

"माझ्या लग्नाचा एक फोटो धड नाही," लीया दिपिकाला सांगत होती. "बाबांनी आख्ख्या पनवेलची लग्नं काढली. आणि माझ्या लग्नात हे असं. एकावर एक चढलेले. कडा कापून काही वाचवले त्यांनी, पण आमची आजी गेली ती गेलीच. विधवा होती ना. मंगलकार्यात पुढे यायची नाही, प्रत्येक फोटोत कडेला उभी. आणि खराब झाली ती कडच. त्याच पावसाळ्यात वारली. आज तिचा चेहरा मला आठवून आठवून काढावा लागतो."

"पण झालं कसं असं?" दिपिकाने विचारलं.

"घेतली होती त्यांनी," लीया शांतपणे म्हणाली. "सगळे तेच सांगतात. जोनाथनने स्वतः पाहिलं."

वेणूबाई पटकन उठल्या. "आण तो कॅमेरा इकडे," त्या दानाला म्हणाल्या. "दाता नाय झिजला. कोरा रोल हाय?"

"चार आहेत."

"एक मारावा लागंल. उजेडात उघडायचा. चालंल?"

दानाने आजीकडे पाहिलं, मग मान डोलावली.

वेणूबाईंनी पाठचं झाकण उघडलं. बोटांना कुठे अडायचं नि कुठे दाबायचं ते आठवत होतं, डोक्याला विचारावं लागलं नाही. नवा रोल डाव्या खणात, रिकामं रीळ उजव्या खणात. रोलच्या काळ्या कागदाची जीभ रिळाच्या खाचेत. झाकण उघडंच ठेवून त्यांनी किल्ली फिरवली. कागदावर एकचा आकडा आला तशा थांबल्या.

"पेन्सिल दे. हे चौकटीचं भोक हाय ना, त्याच्या दोनी बाजूंना कागदावर रेघ मार. हां. आता दाब बटन. आता किल्ली फिरव, ती आपसूक अडंल. अडली? पुन्ना रेघा मार."

असं सहा वेळा केलं. मग रोल बाहेर काढून टेबलावर उलगडला. दानाने रेघा पाहिल्या. दुसऱ्या फोटोची पहिली रेघ पहिल्या फोटोच्या आत पडली होती, तिसऱ्याची दुसऱ्याच्या आत. सगळीकडे तेवढीच चूक.

"झिजलेला दाता कसा वागतो? कदी अडतो, कदी सुटतो," वेणूबाई म्हणाल्या. "हा बघ, दर वेळी तेवढंच चुकतो. म्हणजे तो इमानदार हाय. त्याला फिल्म किती सरकली ते कळत नाय, तो रिळाचे फेरे मोजतो. पयल्या काळात फिल्मचा कागद जाड असायचा, रीळ लवकर भरायचं, एका फेऱ्यात जास्ती फिल्म ओढली जायची. मग कागद पातळ आले. फेरे तेवढेच, फिल्म कमी. मग फोटो चढनारच एकमेकावर."

"मग उपाय?" दाना पुढे वाकली.

"रीळ जाड करायचं. दिपिका, तुझ्या पिंकीचा तो शाळेचा काळा जाड कागद हाय ना, तो आण. आन् कणकेची खळ कर थोडी."

"खळ कशाला आई? सेलोटेप आहे."

"टेप उकाड्यात सुटतं, चिकट होऊन बसतं. खळच कर."

कागदाची पट्टी रिळाच्या उंचीएवढी कापली. वेणूबाईंनी रिकाम्या रिळाच्या मधल्या दांड्याला खळ लावली आणि पट्टी ताणून गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, आणि अर्धा. खाचेवरचा कागद ब्लेडने कापून जागा मोकळी केली. पंख्याखाली पट्टी वाळवली. त्याच मारलेल्या रोलला पुन्हा पहिल्यापासून गुंडाळून घेतलं, आणि या वेळी दानाने लाल पेन घेतलं.

उलगडल्यावर लाल रेघा एकमेकींपासून दूर होत्या. प्रत्येक दोन फोटोंच्या मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी कोरी पट्टी.

दाना ओरडलीच. तिने वेणूबाईंच्या गालाचा मुका घेतला. "फोर्टातला तो माणूस शोकेस म्हणत होता! वेणूआजी, तुम्ही तर वैद्य!"

"अडीच वेढे," वेणूबाई म्हणाल्या. "दोन कमी पडतात, तीन जास्ती व्हतात. शेटांनी शिकवलं."

आणि जीभ चावली. पण शब्द बाहेर पडून गेला होता.

लीया खिडकीपासून वळली. "बाबांनी शिकवलं? कधी?"

"तवाच. स्टुडिओत."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं हे सगळं. माझ्या लग्नाच्या आधीपासून?"

वेणूबाई टेबलावरचे कागदाचे तुकडे गोळा करू लागल्या.

"मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत होते," लीया म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "म्हणायचे, कॅमेरा जुना होता, बिघडला असेल, अगदीच काही पिऊन पडले नसतील. आज तू सांगतेस की कॅमेरा इमानदार आहे. इलाज त्यांना पाठ होता, दर लग्नात करत होते. फक्त माझ्याच लग्नात पट्टी लावायची विसरले. मग घेतलीच होती, वेणू. चांगलीच घेतली होती."

दिपिका खळीची वाटी उचलून आत गेली. दाना पेनाचं टोपण लावत उघडत राहिली.

वेणूबाईंना वाटलं, इथे गप्प बसलं तर सगळं जागच्या जागी राहील. कॅमेरा चालू झाला. रविवारी मलिदा होईल, सोमवारी ह्या विमानात बसतील. पुन्हा भेट व्हायचं वय दोघींचंही नाही. लीया जाताना आपल्याला मिठी मारील आणि चांगली वेणू म्हणून तिच्या लक्षात राहील. पन्नास वर्षं जे दडवलं ते आणखी तीन दिवस दडवायचं, बस. पण आजवर आपल्या गप्प बसण्याने शेटांच्या नावाला जो डाग लागला होता तो अर्धाकच्चा होता. आज आपल्याच हातांनी तो पक्का केला.

"लीयाताय, बसा," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"बसा आदी."

लीया बसली.

"तुमच्या लग्नाच्या आदी महिनाभर पेसाहचा सण व्हता. आठवतो? तुमच्या आयनी मला सांगितलं, वेणू, घरात पिठाचा कण राहता कामा नये, खमीर काय पन नको. मी डबे घासले, फडताळं घासली, पाट उलटे करून घासले. मग म्हटलं, दुकान पन घरच हाय की. दुकानात फळीवर पत्र्याचा डबा व्हता. त्यात पाच रिळं. शेट त्यांना पट्ट्या लावून तयार ठेवायचे. त्या पट्ट्यांना वास घेतला." वेणूबाई थांबल्या. "कणकेची खळ."

लीयाने टेबलावरच्या खळ लावलेल्या रिळाकडे पाहिलं.

"मला काय ठावं त्या पट्ट्या कशाला? मना वाटलं, शेट विसरले, सणाचा नेम मोडंल. गरम पान्यात भिजवून सगळ्या काढल्या. पाची रिळं खडखडीत घासली, उन्हात ठेवली, पुसून परत डब्यात. कोनाला सांगितलं पन नाय. म्हटलं, बाईंना कळंल तवा शाबासकी देतील. सणानंतर महिनाभर तुमच्यात लग्नं लावत नाय, तो कॅमेरा कोनी उघडला नाय. लग्नाच्या दिवशी शेट पावन्यांत. मला म्हनाले, वेणू, तूच रोल भर. मी भरले. घासलेल्या रिळांवर."

"आणि बाबा?"

"थेंब नव्हता घेतला त्यांनी. दुसऱ्या दिवशी काळोखाच्या खोलीतून ओली फिल्म घेऊन बाहेर आले. फळीवरचा डबा काढला, उघडला. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, शेट, पेसाहला धुतली. ते बघतच राहिले. मग म्हनाले, छान धुतलीस गो. आन् डबा मिटला."

स्वयंपाकघरात दिपिकाने नळ बंद केला.

"शेटांनी तुमाला घरी येऊन सांगितलं, 'माझ्याच हातून झालं.' मी रडत मागं गेले, म्हटलं, शेट, मी सांगते. तर म्हनाले, 'लग्नघरात एकीचेच डोळे पुसून होईनात, दुसरीचे कुठे पुसत बसू?' पुढच्या रविवारी बसवून मला अडीच वेढे शिकवले. मग ती दारूची आवई उठली. तवा पन मी गेले. म्हनाले, 'लोकांना चार दिवस हसायला हवं असतं, हसू दे.'"

"चार दिवस," लीया म्हणाली.

"शेट व्हते तवर त्यांनी अडवलं," वेणूबाई म्हणाल्या. "शेट जाऊन तेहतीस वर्षं झाली. तवापासून मना कोनी अडवलं नाय. माझी मीच गप्प बसले. तुमी मागं आलात तवा गव्हाणला जाऊन लपले."

लीयाने हातातली बांगडी मनगटावर फिरवली. मग हिशेब सांगावा तसं म्हणाली, "सतरा वर्षं मी बाबांना पत्रं लिहिली. शेवटी 'तुमची लाडकी' नाही लिहिलं कधी. 'तुमची लीया' एवढंच. त्यांना कळत होतं का, वेणू?"

"पत्र आलं की मला वाचून दाखवायचे. शेवटची ओळ नाय वाचायचे."

लीया उठली. पिशवी घेतली. दानाने घाईघाईने कॅमेरा मिटला. दारापाशी लीया थांबली, पण वळली नाही.

"तू मला सांगितलंस. मला सांगून काय होणार? हसणारी मी नव्हते. रविवारी ये. जोनाथनकडे, पाच वाजता. तिथे सगळे असतील. त्यांच्यापुढे सांग."

लिफ्टचं दार लागल्यावर दिपिका बाहेर आली. "आई, तुम्ही जाणार नाही. पन्नास वर्षांची गोष्ट. त्यांच्या लोकांत उभं करून तुमचा अपमान करणार. हरेशना कळलं तर..."

"माझ्या लेकाला मीच सांगते," वेणूबाई म्हणाल्या. "तू माझी हिरवी इरकल काढून ठेव."

रविवारी जोनाथनच्या घरी तीस-पस्तीस माणसं होती. जोनाथन लीयाचा चुलतभाऊ, ऐंशीला टेकलेला, घरातला मोठा म्हणून मधल्या खुर्चीत. चादरीवर मोठ्या ताटात गोड पोहे, खोबरं, केळी, खजूर, वर गुलाबाच्या पाकळ्या. प्रार्थना झाली. प्रसादाच्या वाट्या फिरल्या. दानाने कोपऱ्यात वेणूबाईंच्या मांडीवर रिळं ठेवली आणि दोघींनी मिळून रोल भरला. लीया त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आता ती उभी राहिली आणि म्हणाली, "वेणूला काही सांगायचंय."

गुडघ्यावर हात देत वेणूबाई उठल्या. समोर काही चेहरे ओळखीचे, बरेच नवे. शुद्ध बोलायचं ठरवून आल्या होत्या, ते पहिल्या वाक्यालाच गेलं.

"मी वेणू. मोझेसशेटांच्या स्टुडिओत व्हते. लीयातायच्या लग्नाचे फोटो मी खराब केले. शेटांनी नाय."

मग सगळं सांगितलं. डबा, रिळं, खळ, गरम पाणी. पेसाहचा नेम मोडेल म्हणून पट्ट्या घासल्या, तिथे आल्या तेव्हा मागून एक म्हातारी फिसकन हसली. "अगं बाई, ही तर आमच्यापेक्षा कडक!" त्याबरोबर सगळी खोली हसली. वेणूबाई हसल्या नाहीत. हसणं ओसरेपर्यंत थांबल्या आणि पुढे म्हणाल्या, "शेट त्या दिवशी प्याले नव्हते. त्यांनी माझ्यासाठी तो आळ अंगावर घेतला. मी घेऊ दिलं. ही माझी चूक पयलीपेक्षा मोठी."

वाटीत चमचा वाजला तेवढाच.

"पण मी त्याला पाहिला होता ना," जोनाथन पुटपुटला. "मंडपामागे. पाय लटपटत होते."

"त्या दिवशी सकाळपासून पोटात अन्न नव्हतं त्यांच्या," वेणूबाई म्हणाल्या. "मुलगी सासरी चालली व्हती. मंडपामागं जाऊन रडले. मी पानी नेलं."

जोनाथनने चष्मा काढला. "मला वाटलं..." तो म्हणाला. मग ओशाळं हसून म्हणाला, "खरं सांगायचं तर घेतली मी होती. मला सगळ्यांचेच पाय लटपटताना दिसत होते."

पुन्हा हसू फुटलं, पण लीयाने हात वर केला आणि ते थांबलं. ती जोनाथनच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"आता हे म्हण."

"काय म्हणू?"

"पन्नास वर्षं जे सांगत आलास, त्याच्या उलटं."

जोनाथनने वर पाहिलं. वेणूबाईंकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाला, "मोझेसकाका त्या दिवशी शुद्धीवर होता."

लीयाने मागे हात केला आणि न बघताच वेणूबाईंचं मनगट पकडलं. पकड घट्ट होती, दुखेल इतकी.

"मोठ्याने," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."